बेस्टचे वीजदर : सरासरी टक्के सोडा, टप्पे आणि स्थिर आकार बघा

परळकर

महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने मार्च २०२५ च्या अखेरीस बेस्टचा, म्हणजे मुंबई महापालिकेच्या वीज आणि बस उपक्रमाचा, वीजदराचा आदेश दिला. २०२५-२६ ते २०२९-३० अशा पाच वर्षांचा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या दिवशी एकच प्रश्न फिरत होता, "वाढले की कमी झाले?" कुणीतरी टक्के टाकले, दोनचार अंगठे आले आणि विषय मिटला.

हा विषय असा मिटू नये म्हणून धागा काढतोय. पाच वर्षांचा आदेश आहे म्हणजे पाच वर्षं काही करायला नको, असा बऱ्याच जणांचा समज आहे. पण मध्ये मध्यावधी आढावा असतो. त्यात खर्चाचे आकडे पुन्हा तपासले जातात आणि उरलेल्या वर्षांचे दर बदलू शकतात. त्या वेळी सूचना-हरकतींसाठी मुदत मिळते ती थोडी. तेव्हा धावाधाव करण्यापेक्षा आत्ताच बिलं काढून बसलेलं बरं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सरासरी टक्क्यावर भांडण्यात घरगुती ग्राहकाचा काही फायदा नाही. तो टक्का सगळ्या वीजविक्रीवर काढलेला असतो. त्यात नरिमन पॉइंटचे टॉवर येतात आणि लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोलीही येते. आपल्या खिशाला काय लागणार ते ठरतं दराच्या रचनेवर, म्हणजे किती पैसे युनिटमागे घेतले, किती स्थिर आकारात (वापर कितीही असो, दरमहा द्यायची ठरलेली रक्कम) घेतले आणि वापर वाढला की दर चढतो ते टप्पे कुठे पाडले यावर.

एक उदाहरण देतो. आकडे माझ्या मनचे आहेत, फक्त हिशेब कळावा म्हणून. समजा दर युनिटला ५० पैशांनी उतरला आणि स्थिर आकार सगळ्यांनाच ५० रुपयांनी चढला. ज्या घरात ८० युनिट जळतात त्याचे ४० रुपये वाचले आणि ५० गेले, म्हणजे बिल १० रुपयांनी वाढलं. वर १६ टक्के वीज शुल्क धरा, ११ रुपये ६० पैसे झाले. ज्या घरात ४०० युनिट जळतात त्याचे २०० वाचले, ५० गेले. दीडशे रुपयांचा फायदा. बातमीत मात्र दोघांसाठी एकच ओळ येणार, "वीज स्वस्त".

दुसरी गोष्ट आमच्याच इमारतीची. मी सोसायटीचा खजिनदार आहे. वीस घरं, एक लिफ्ट, एक पंप, जिन्यातले दिवे, सगळं मिळून एक सामायिक मीटर. तो घरगुती वर्गातच मोडतो, ते बरोबरही आहे. पण टप्पे घराला लागतात तसेच त्यालाही लागतात : ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. महिन्याला ७०० युनिट धरले तर १०० पहिल्या टप्प्यात, २०० दुसऱ्यात, २०० तिसऱ्यात आणि उरलेले २०० सगळ्यात महाग टप्प्यात. आता हेच ७०० युनिट वीस घरांत वाटा. घरामागे ३५ येतात. चौथ्या मजल्यावरच्या आजी पंखा आणि एक ट्यूब यापलीकडे काही लावत नाहीत, पण त्यांच्या देखभाल खर्चात सगळ्यात वरच्या टप्प्याच्या दराचे पैसे जातात. टप्पे पाडले ते जास्त वापरणाऱ्याने जास्त द्यावं म्हणून. पाणी चढवणं ही काही चैन नाही.

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचे जे कोणी इथे असतील त्यांनी आपापलं लिहा. आपलं म्हणणं एकत्र मांडू.

जुना तारकरी

परळकर, धागा चांगला काढलात. मी आयुष्यभर वीजवितरणात काम केलंय, आता घरी आहे. सामायिक मीटरचा तुमचा मुद्दा मला शंभर टक्के पटतो. स्थिर आकाराबद्दल मात्र दुसरी बाजू लिहितो, कारण आयोगाच्या सुनावणीत ती समोर येणारच आणि आपल्याकडे उत्तर पाहिजे.

बेस्टचं जाळं जमिनीखालचं आहे. बेटावरच्या शहरात खांबावरच्या तारा दिसत नाहीत याचं कारण ते. केबल, उपकेंद्रं, रोहित्रं, रात्री दोन वाजता फॉल्ट शोधायला निघणारी गाडी आणि तिच्यातली माणसं, हा खर्च तुम्ही महिन्याला ८० युनिट वापरा की ८, होतोच. घर सहा महिने बंद असलं तरी त्याच्यासाठी केबल तयार ठेवावी लागते. हा पैसा सगळाच युनिटमधून वसूल करायचा म्हटलं तर छपरावर सौर पॅनल बसवणारा मोठा ग्राहक हळूहळू सुटतो आणि त्याच्या वाट्याचा भार बाकीच्यांवर पडतो. म्हणून कंपन्या स्थिर आकार वाढवून मागतात. त्यात तथ्य नाही असं नाही.

पण यातून पहिल्या टप्प्यातल्या माणसाने तेवढाच द्यावा असं निघत नाही. स्थिर आकारही टप्प्याप्रमाणे कमीजास्त ठेवता येतो. मागणी करायची तर "स्थिर आकार नको" अशी करू नका, ती पहिल्या पाच मिनिटांत उडेल. "१०० युनिटांच्या आतल्या घराचा स्थिर आकार या पाच वर्षांत वाढू नये, आणि वाढवायचाच असेल तर त्या घराचं एकूण बिल किती बदलतं ते तक्त्यात दाखवा" अशी करा. तो तक्ता मागणं फार महत्त्वाचं. ३०, ८०, १५०, ३०० आणि ६०० युनिटांचं आधीचं बिल आणि नंतरचं बिल शेजारी-शेजारी. म्हणजे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं कोणाचं काय झालं.

लालबागची लेक

काका, ३० युनिटांचं लिहिलंत म्हणून धीर आला. आमच्या मजल्यावर तशी दोन घरं आहेत.

आमची खोली चाळीतली. आई आणि मी घरून पोळीभाजीचे डबे करतो. दोन फ्रीज, मिक्सर, कणीक मळायचं यंत्र. एक जण येऊन सांगून गेला की हे व्यापारी मीटरमध्ये जाणार. तेव्हापासून आई बिल आलं की आधी वरचा कोपरा बघते, घरगुतीच लिहिलंय ना म्हणून. खरं काय आहे ते कोणी सांगेल का? आणि दर ठरवताना आमच्यासारख्यांचा विचार होतो का?

जुना तारकरी

होतो. आयोगाच्या दरपत्रकातच लिहिलेलं असतं. राहत्या घरातून छोटा व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटांच्या आत आणि मागच्या आर्थिक वर्षात ३६०० च्या आत असेल, तर दर घरगुतीच लागतो. बारा महिन्यांची बिलं एका फाइलमध्ये लावून ठेवा आणि बेरीज करून ठेवा. कोणी आलंच तर तोंडी वाद घालू नका, दरपत्रकाचं पान आणि बेरीज दाखवा. तरीही वर्ग बदललाच, तर लेखी तक्रार, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, आणि त्यापुढे विद्युत लोकपाल. दर किती असावा हा वाद तिथे चालत नाही, पण तुम्हाला कुठला दर लावला हा वाद तिथेच चालतो.

मे महिन्यात मात्र सांभाळा. दोन फ्रीज आणि उन्हाळा म्हणजे ३०० ओलांडायला वेळ लागत नाही.

लालबागची लेक

धन्यवाद काका. मागच्या मे महिन्याचं बिल काढून बघितलं. २८१. आईला आत्ताच वाचून दाखवलं.

माझी मागणी लिहून घ्या परळकर : ३०० ची मर्यादा महिन्यावर न ठेवता नुसती वर्षाच्या ३६०० वर ठेवावी. उन्हाळ्यात फ्रीज जास्त चालतो आणि पावसाळ्यात कमी, धंदा तोच असतो.

मुलुंडकर

मी तुमच्या हद्दीबाहेरचा. कर मुंबई महापालिकेलाच भरतो, पण वीज महावितरणची. भांडुप-मुलुंड महावितरणकडे, बाकीच्या उपनगरांत अदानी आणि टाटा, आणि तुमच्याकडे बेस्ट. एका महापालिकेत एवढे दर. माझ्या बहिणीचं घर माटुंग्याला. आम्ही दोघं दिवाळीला बिलं शेजारी ठेवून बघतो, एवढा फरक असतो की आई म्हणते तुम्ही एकाच शहरात राहता ना?

महावितरणचं २०२५ मध्ये काय झालं ते इथल्यांनी लक्षात ठेवावं. २८ मार्चला आदेश आला, दर कमी. महावितरण पुनर्विचाराला गेली, स्थगिती मिळाली. मग २५ जूनला नवा आदेश आला आणि तो १ जुलैपासून लागू झाला. म्हणजे आदेश हाती आला म्हणून निश्चिंत राहण्यात अर्थ नाही. कंपनीकडे वकील, सल्लागार, सगळं तयार असतं. ग्राहकाच्या बाजूने त्या आठवड्यात कागद घेऊन कोण उभं राहणार हा खरा प्रश्न आहे.

दादरचा दुकानदार

माझं कपड्यांचं छोटं दुकान आहे. घरगुतीवाल्यांनी रागावू नका, पण व्यापारी ग्राहकावर जो बोजा टाकतात तोही कोणीतरी भरतोच. आमचा युनिटचा दर जास्त, वीज शुल्क तुम्हाला १६ टक्के तर आम्हाला २१, शिवाय विक्रीकर वेगळा. संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ हा आमचा धंद्याचा वेळ, आणि नेमक्या त्याच वेळेला वीज महाग करणार असं ऐकतोय. दुपारी बारा वाजता दिवे लावून मी कोणाला साडी दाखवू?

स्वस्त घरगुती विजेची मागणी करताना ती भरपाई छोट्या दुकानांवर ढकलू नका, एवढंच माझं मागणं. हॉटेल आणि मॉल वेगळे, आम्ही वेगळे.

परळकर

दुकानदारभाऊ, हे लिहिलंत ते बरं केलंत. आपल्या हरकतीच्या मसुद्यात "२० किलोवॉटच्या आतले व्यापारी ग्राहक" असा वेगळा परिच्छेद घेतो. वर्ग आधीपासून वेगळा आहेच, त्यामुळे मागणी नवीन वर्ग करा अशी राहत नाही, फक्त त्या वर्गाचा दर बघा एवढीच राहते.

वकीलताई

कायद्याचा भाग मी थोडक्यात लिहिते. हरकत नेमकी कुठल्या मुद्द्यावर घ्यायची ते कळेल.

विद्युत कायदा २००३ चं कलम ६२(३) म्हणतं की आयोगाने दर ठरवताना कुठल्याही ग्राहकाला गैरवाजवी झुकतं माप देऊ नये, पण ग्राहकाचा एकूण वापर, विजेची वेळ, दाब, भौगोलिक स्थान, पुरवठ्याचं स्वरूप आणि हेतू यांवरून फरक करता येतो. परळकरांचा सामायिक मीटर इथे बसतो. "पुरवठ्याचा हेतू" हे शब्द वापरा. पाणी चढवणं आणि लिफ्ट हा वीस घरांचा मिळून हेतू आहे, म्हणून टप्पे घरांच्या संख्येने गुणावेत, अशी मांडणी कायद्यात बसते. वीस घरांना पहिला टप्पा १०० ऐवजी २००० युनिटांचा झाला की तुमचे सगळे ७०० त्यात आले. कोणी "असं कुठे असतं का" म्हणालं तर हे कलम दाखवायचं.

कलम ६४ प्रमाणे कंपनीने अर्ज केल्यावर त्याचा सारांश प्रसिद्ध करावा लागतो, आणि आयोगाने लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन १२० दिवसांत आदेश द्यायचा असतो. कलम ६२(४) म्हणतं की एका आर्थिक वर्षात दर सहसा एकापेक्षा जास्त वेळा बदलायचे नाहीत, इंधनाच्या फरकाचा अपवाद सोडून. तुमच्या बिलावर इंधन समायोजन आकार म्हणून जी ओळ येते ती याच अपवादातून. ज्यांना "दर बदलला नाही तरी बिल का चढलं" असं वाटतं त्यांनी आधी ती ओळ बघावी.

आणि कलम ६५. निवडणुका आल्या की अमुक युनिट मोफत अशा घोषणा होतात. सरकारला सवलत द्यायची तर तेवढी रक्कम आगाऊ भरायला लागते, कायदाच तसा आहे. आयोगाच्या सुनावणीत मोफत विजेची मागणी करून उपयोग नाही, ती मागणी करायची जागा विधानसभा. सुनावणीत बोलायचं ते खर्चावर आणि रचनेवर.

हरकत आयोगाच्या संकेतस्थळावरून नोंदवता येते. प्रत्यक्ष बोलायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा. एकाच मजकुराच्या दोनशे प्रती पाठवू नका. एका इमारतीची एक हरकत, तिच्यासोबत त्या इमारतीची बारा महिन्यांची बिलं, असं केलं तर प्रत्येक हरकतीला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर आदेशात छापलं जातं. ते छापलेलं उत्तर पुढच्या वेळी हातात धरून बोलता येतं.

मुलुंडकर

वकीलताई, ग्राहकांच्या बाजूने संस्था असतात ना? त्यांच्याकडे जाऊन भागत नाही का?

वकीलताई

असतात. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याचा प्रयास ऊर्जा गट यांना आयोगाने ग्राहक प्रतिनिधी म्हणून मान्यता दिलेली आहे. कलम ९४ मध्ये तशी तरतूद आहे. ते अभ्यासून बोलतात, त्यांचं काम मोठं आहे. पण ते सगळ्या राज्याचं बघतात. परळच्या एका इमारतीत पंपाचे किती युनिट होतात हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं.

गच्चीवरून

दिवसाच्या वेळेप्रमाणे दर या विषयावर कोणी नीट लिहिलं नाही म्हणून लिहितो. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत बदल केला. त्याप्रमाणे १० किलोवॉटच्या वरच्या व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना १ एप्रिल २०२४ पासून, आणि शेती सोडून बाकी सगळ्यांना १ एप्रिल २०२५ पासून वेळेप्रमाणे दर लावायचे. स्मार्ट मीटर बसला की लगेच. सौर तास म्हणजे राज्य आयोग ठरवेल ते दिवसातले आठ तास, त्यात दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी. गर्दीच्या तासांत व्यापारी-औद्योगिक ग्राहकाला किमान १.२ पट आणि इतरांना किमान १.१ पट. ही केंद्राची चौकट झाली. तुमच्या वर्गाला नेमकं काय लागू आहे ते बेस्टच्या दरपत्रकात बघा.

घरगुती ग्राहकाला हे चांगलं की वाईट? नोकरी करणारं घर सकाळी आठला बंद होतं आणि संध्याकाळी सातला उघडतं. मिक्सर, इस्त्री, एसी, वॉशिंग मशीन सगळं त्यानंतर. त्या घराला सौर तासांचा फायदा फक्त फ्रीजपुरता. उलट घरी असणारे ज्येष्ठ, डबे करणाऱ्या लालबागच्या ताई, यांना फायदा आहे, कारण त्यांचं काम दुपारपर्यंत उरकतं. वेळेचा दर ऐच्छिक ठेवा, निदान घरगुती ग्राहकाला दोन वर्षं तरी, अशी मागणी करता येईल.

पंपाचं मात्र सोनं होऊ शकतं. आमच्या इमारतीत महापालिकेचं पाणी पहाटे येतं आणि खालच्या टाकीत पडतं. वॉचमन सवयीने पहाटे सहालाच पंप लावायचा. खालची टाकी मोठी आहे, वरची रात्रीपर्यंत पुरते. मग पंप अकरा वाजता लावला तर काय बिघडतं? काहीच नाही. आता भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय : सकाळी फ्लोट बघायचा, अर्धी टाकी असेल तर अकराच्या आधी पंप नाही. एक-दोन वयस्कर मंडळी सुरुवातीला घाबरली, पण नळाला पाणी आल्यावर बोलणं थांबलं. सामायिक मीटरला वेळेचा दर लागला की हे थेट पैशांत दिसेल.

लालबागची लेक

गच्चीवरून, तुमच्याकडे खालची टाकी आहे. आमच्या चाळीला ती नाही. पाणी येतं तेव्हाच वर चढवायचं, नाहीतर वरच्या मजल्याला थेंब मिळत नाही. आमच्यासारख्या जुन्या, उपकर भरणाऱ्या इमारती या बेटावर हजारोंनी आहेत. पाणी कधी येणार ते महापालिका ठरवणार आणि विजेचा दर घड्याळावर लागणार, तर दोन्हीचा मेळ कोणी घालायचा? बेस्ट तर महापालिकेचाच उपक्रम आहे.

जुना तारकरी

हा मुद्दा मी इतक्या वर्षांत कोणाच्या तोंडून ऐकला नव्हता. परळकर, हा सगळ्यात वर घ्या.

सॅक्रामेंटोहून

मी मूळचा गिरगावचा, आता कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला असतो. इथेही वीज खासगी कंपनीची नाही, लोकांच्या मालकीच्या उपक्रमाची आहे. १९४६ पासून ती वीज पुरवते. म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

आमच्याकडे घरगुती ग्राहकाला वेळेप्रमाणे दर लागू होऊन बरीच वर्षं झाली. कामाच्या दिवशी संध्याकाळी ५ ते ८ हे महाग तास. उन्हाळ्यात त्याच्या आधी आणि नंतर मधला दर, आणि मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत स्वस्त. तीनच तास महाग असल्यामुळे माणसाला ते पाळता येतात. कपडे धुणं आठनंतर, एवढं एक शिकलं की झालं. महाग तासांची पट्टी जर संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत लांबवली तर घरातलं माणूस काय टाळणार? जेवण की झोप? तिथे जेव्हा बोलाल तेव्हा तासांची लांबी हा मुद्दा जरूर घ्या.

दुसरं म्हणजे इथल्या उपक्रमाचं संचालक मंडळ सात जणांचं, आणि ते सातही जण आपापल्या विभागातून मतदानाने निवडून येतात. दर तेच ठरवतात, राज्याचा नियामक त्यात नसतो. म्हणजे दर वाढवणाऱ्याच्या नावासमोर शिक्का मारायचा की नाही हे माझ्या हातात असतं. बेस्ट समितीत नगरसेवक असायचे हे मला वडिलांमुळे माहीत आहे. आता तिचा दरांवर काही जोर चालतो का?

जुना तारकरी

दरांवर नाही. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने आधीची खासगी बेस्ट कंपनी ताब्यात घेतली, तेव्हापासून बेस्ट शहराची. अंदाजपत्रक बेस्ट समिती आणि महापालिका सभागृहापुढे जातं. पण २००३ च्या कायद्यानंतर विजेचा दर आयोगच ठरवतो. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, मग पुढे बराच काळ समितीही नव्हती. ज्या काळात पाच वर्षांचा दर ठरला त्या काळात नगरसेवकाला जाऊन विचारावं तर नगरसेवकच नव्हता.

म्हणून मी म्हणतो की बेस्टने आयोगाकडे जाण्याआधी प्रत्येक विभाग कार्यालयात प्रस्ताव लोकांपुढे ठेवावा. कायदा तसं करायला सांगत नाही, पण अडवतही नाही. शहराचा उपक्रम आहे तर शहराला आधी कळलं पाहिजे.

दादरचा दुकानदार

बसच्या तोट्याचं काय? मला आठवतंय, काही वर्षांपूर्वी बिलात तो वेगळा आकार यायचा. तो परत येणार नाही याची खात्री कोण देणार?

वकीलताई

परिवहन तूट वसुलीचा आकार. कलम ५१ मध्ये इतर परवानाधारकांना दुसऱ्या धंद्याबाबत जी बंधनं आहेत त्यातून आधीपासून वीज वितरण करणाऱ्या स्थानिक संस्था वगळल्या आहेत. त्या आधारावर तो युक्तिवाद उभा राहिला होता. सध्याच्या बिलात तो नाही. पण बेस्टची याचिका, म्हणजे आयोगाकडे केलेला दराचा अर्ज, वाचताना खर्चाच्या बाबी ओळीने बघा, कुठे परिवहन विभागाचा कर्मचारी खर्च किंवा कर्जाचं व्याज वीज विभागात शिरलंय का. सामायिक खर्चाची वाटणी कुठल्या प्रमाणात केली ते विचारायचा हक्क आहे.

परळकर

यावर माझं मत वेगळं आहे आणि ते लिहितो. बस चालली पाहिजे. माझी मुलगी रोज बसनेच कॉलेजला जाते. २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपये केलं तेव्हा शहराने आनंद मानला. मे २०२५ मध्ये ते साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ झालं तेव्हा किती घरांचं गणित बिघडलं ते मी बघितलंय. बस ही शहराची गरज आहे, तोटा होणारच, आणि तो महापालिकेने आपल्या तिजोरीतून भरावा. कारण बस दहिसरपर्यंत आणि मुलुंडपर्यंत जाते, आणि बेस्टची वीज माहीम-शीवला थांबते. पूर्ण शहराच्या बसचा भार बेटावरच्या दहा लाख वीजग्राहकांनी का उचलायचा? त्यातले कितीतरी तर चाळीतले.

मुलुंडकर

बरोबर आहे. मी बस वापरतो, वीज बेस्टची घेत नाही. माझ्या तिकिटाचा तोटा लालबागच्या ताईंच्या फ्रीजमधून वसूल होऊ नये.

गच्चीवरून

एक राहिलं. बेस्ट स्वतः वीज तयार करत नाही, विकत घेते. तुमच्या बिलातला सगळ्यात मोठा हिस्सा त्या खरेदीचा. आपण पाचपन्नास रुपयांच्या स्थिर आकारावर बोलतोय, खरेदीवर कोणीच बोलत नाही.

जुना तारकरी

बोलायला हवं. मुंबईची अडचण अशी होती की बाहेर स्वस्त वीज असली तरी ती आत आणायला पारेषण वाहिन्या, म्हणजे लांबून वीज आणणाऱ्या मोठ्या तारा, अपुऱ्या. त्यामुळे ट्रॉम्बे आणि डहाणू यांसारख्या जवळच्या केंद्रांवर आणि खोपोली, भिवपुरी, भिरा इथल्या जलविद्युतवर शहराची भिस्त. १२ ऑक्टोबर २०२० ला कळवा-पडघा भागातल्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. त्या दिवशी कमतरता विजेची नव्हती, वाटेची होती. त्यानंतर २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाली. आता आत येणारी वाट रुंद झाली आहे.

मग प्रश्न असा विचारायचा : वाट रुंद करण्याचा खर्च पारेषण आकारातून आपण भरतोय, त्या वाटेने बाहेरची स्वस्त सौर आणि पवन वीज बेस्टने किती घेतली? दीर्घ मुदतीचे करार कधी संपतात, नवीन करार कोणत्या दराने, स्पर्धात्मक निविदेने की जुनेच पुढे वाढवून? याचं उत्तर याचिकेत आकड्यांत असतं, पण ते पान कोणी उघडत नाही. मी उघडून देईन. याचिका प्रसिद्ध झाली की वीजखरेदीचं प्रकरण मी वाचून इथे मराठीत उतरवतो.

वाचनमात्र

पहिल्यांदाच लिहिते आहे. आमच्या भायखळ्याच्या इमारतीत ४८ घरं आणि दोन सामायिक मीटर आहेत, एक लिफ्टचा आणि एक पंप-दिव्यांचा. दोन मीटर असल्यामुळे टप्पे दोनदा मिळतात, म्हणून आमचं बिल त्या मानाने कमी येत असावं. पुनर्विकासात विकासक एकच मोठा मीटर घेणार म्हणतोय. हा धागा वाचल्यावर वाटतं की करारात आधीच लिहून घ्यावं का? की एका इमारतीला एकच सामायिक मीटर असा काही नियम आहे?

परळकर

करारात काही लिहायच्या आधी नवीन जोडणीच्या अर्जाचा नमुना मागून घ्या आणि मंजूर भार (एका वेळी जास्तीत जास्त किती वीज ओढायची परवानगी) किती दाखवलाय ते बघा. विकासक पुढची पंधरा वर्षं ते बिल भरणार नाही, तुम्ही भरणार. दोन्ही मीटरची बारा-बारा महिन्यांची बिलं इथे टाकाल का? ग्राहक क्रमांक आणि पत्ता झाकून. माझ्या एका मीटरच्या बिलांशेजारी तुमची दोन मीटरची ठेवली तर सामायिक मीटरचा मुद्दा आयोगापुढे आकड्यांत मांडता येईल.

मीटरच्या नियमाचं वकीलताईंनी सांगावं.

वकीलताई

पुरवठा संहिता, म्हणजे जोडणी-मीटरचे आयोगाचे नियम, बघून उद्या रात्री लिहिते. तोपर्यंत सही करू नका.